बरोबर होतं, तरी फसलं : विस्कॉन्सिनमधली 1943 ची हरीणशिकार

1943 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात हरणांच्या शिकारीचा हंगाम दोन तुकड्यांत झाला. पहिले चार दिवस फाटे फुटलेल्या शिंगांचे नर मारायची परवानगी होती. मधे काही दिवस बंदी, आणि मग चार दिवस बिनशिंगी हरणांची शिकार, म्हणजे माद्या आणि पाडसं. या आठ दिवसांत सुमारे 1 लाख 28 हजार हरणं पडली. आदल्या वर्षी हा आकडा 45 हजारांच्या आसपास होता. गावोगावी गाड्यांच्या टपावर, बॉनेटवर बांधलेल्या माद्या लोकांनी पाहिल्या आणि राज्याच्या उत्तर भागात या हंगामाला नाव पडलं : '43 चा गुन्हा'.

हा गुन्हा ज्यांच्या माथी मारला गेला ते आल्डो लिओपोल्ड वन्यजीव व्यवस्थापनाचे अमेरिकेतले पहिल्या फळीतले अभ्यासक आणि विद्यापीठातले प्राध्यापक होते. आज जगभरात त्यांचं नाव आदराने घेतलं जातं, पण त्यांच्या स्वतःच्या राज्यात आयुष्याची शेवटची पाच वर्षं त्यांना या एका निर्णयापायी शिव्या खाव्या लागल्या. निर्णयामागचं त्यांचं शास्त्र बरोबर होतं. तरी तो फसला, आणि साठ वर्षांनी त्याच राज्यात, त्याच प्राण्यावरून, जवळपास त्याच पद्धतीने पुन्हा फसला. म्हणून हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं. विदर्भात रोही आणि रानडुकरांच्या प्रश्नावर गावातल्या बैठकांत बसणाऱ्यांनी, वनखात्यात काम करणाऱ्यांनी आणि पक्षाचा झेंडा घेऊन पंचायत समितीची निवडणूक लढवणाऱ्यांनी ते एकदा तरी वाचावं.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाची शिकार म्हटलं की डोळ्यांसमोर पोलीस आणि कोर्ट येतं. विस्कॉन्सिनमध्ये ती परवाना काढून केली जाते आणि तो घराघरातला वार्षिक सोहळा आहे. नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी पहाटे बंदुकीचा हंगाम सुरू होतो. आजोबा, बाप, मुलगा, हल्ली मुलीसुद्धा, जंगलातल्या लाकडी खोपटात मुक्कामाला जातात. वर्षभराचं मांस फ्रीझरमध्ये पडतं. इतक्या लोकांचा जिथे जीव गुंतलेला असतो, तिथे राजकारण येणारच. लाखो मतदार एकाच पहाटे एकाच कामासाठी रानात असतात, हे तिथला कुठलाही उमेदवार विसरत नाही.

आधी काय होऊन गेलं होतं

एकोणिसाव्या शतकात उत्तर विस्कॉन्सिनची पाइनची जंगलं लाकूड कंपन्यांनी साफ केली. मागे फांद्या आणि पालापाचोळा उरला, त्याला आगी लागल्या. 1871 मधली पेश्टिगोची आग त्यातली सगळ्यात भीषण. त्याच काळात हरणाचं मांस रेल्वेने शहरांतल्या बाजारात जात होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हरीण दिसेनासं झालं, तेव्हा लोकांनीच कडक नियम मागितले. 1915 मध्ये 'फक्त नर' मारायचा कायदा आला. 1925 ते 1935 या काळात तर एक वर्षाआड हंगामच बंद ठेवला जाई. मादी वाचवली तर हरीण वाचेल, हे एका पिढीने पुढच्या पिढीला शिकवलं. मादी मारणारा तो भुरटा चोर, असा संस्कार रुजला. आणि त्या काळापुरता तो अगदी योग्य होता.

मग जळालेल्या माळांवर कोवळी झाडी उगवली. हरणाला याहून चांगलं अन्न नाही. लांडगे जवळपास संपवले होते. शिकारी फक्त नर मारत होते. दोन-तीन दशकांत हरणं इतकी वाढली की हिवाळ्यात त्यांना अन्न पुरेना.

संस्थाही याच काळात घडल्या. शिकारीचे नियम सत्ताधारी पक्षाच्या मर्जीवर ठरू नयेत म्हणून 1927 मध्ये सहा बिनपगारी सदस्यांचं संवर्धन आयोग नेमण्याचा कायदा झाला. गव्हर्नरने नेमायचं, पण मुदत सहा वर्षांची आणि सगळ्यांची एकदम संपणार नाही अशी, म्हणजे एकाच गव्हर्नरला सगळा आयोग आपल्या मुठीत घेता येऊ नये. या कायद्यासाठी लिओपोल्ड यांनीही खटपट केली होती. 1934 मध्ये त्याला 'कॉन्झर्व्हेशन काँग्रेस'ची जोड मिळाली. प्रत्येक काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, वर्षातून एकदा जाहीर सभा भरते, येईल त्याला मत देता येतं, तिथूनच प्रतिनिधी निवडले जातात. आपल्या ग्रामसभेसारखंच, फक्त विषय मासे, हरणं आणि बंदुका. ही काँग्रेस सल्ला देते, अंतिम मत आयोगाचं. कागदावर व्यवस्था उत्तम होती, आणि मला आजही ती उत्तमच वाटते.

बर्फातलं यार्ड

उत्तरेत बर्फ गुडघ्याच्या वर चढलं की पांढऱ्या शेपटीची ही हरणं दाट सदाहरित झाडांच्या दलदलीत एकत्र येतात. वारा कमी लागतो, बर्फ फांद्यांवर अडतं, पायवाटा तुडवून ठेवता येतात. या जागेला तिथे 'यार्ड' म्हणतात. यार्डात खायला पांढऱ्या सीडर झाडाचा पाला असेल तर हरणं हिवाळा काढतात. पण एकदा खालच्या फांद्या संपल्या की सगळ्या झाडांवर एकाच उंचीवर रेघ दिसू लागते. मोठा नर मागच्या पायांवर उभा राहून जिथवर तोंड पोचवतो, तिथपर्यंत झाडं नागडी, त्याच्या वर हिरवी. पाडसाचं तोंड त्या रेघेपर्यंत पोचत नाही. म्हणून आधी पाडसं मरतात. मरायच्या आधी ती बाल्सम फर या झाडाचा पाला खातात, ज्यात पोट भरतं पण अंगाला काही लागत नाही. पोट भरलेलं हरीण भुकेने मेलं, हे लोकांना पटणं कठीण. ते ओळखायची खूण हाडात असते : मांडीचं हाड फोडलं की धडधाकट जनावराची मज्जा पांढरी, घट्ट, तुपाळ निघते, उपाशी जनावराची लाल आणि जेलीसारखी लिबलिबीत.

1940 पासून राज्याच्या संवर्धन खात्याचे लोक विल्यम फीनी यांच्या नेतृत्वाखाली ही यार्डं पायी पालथी घालत होते. यासाठीचा पैसा बंदुका आणि काडतुसांवरच्या केंद्रीय करातून येत होता. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने तो कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला आहे. म्हणजे शिकाऱ्यांच्याच पैशातून ही पाहणी चालली होती. त्यांचे निष्कर्ष यार्डामागून यार्ड तेच येत होते : अन्न संपलंय, कोवळी रोपं वर येत नाहीत, आणि दर हिवाळ्यात नवी पिढी मरतेय. खात्याने हिवाळ्यात गवताच्या गाठी टाकून पाहिल्या होत्या. त्याने गर्दी वाढली, जंगल आणखी खाल्लं गेलं.

1942 मध्ये लिओपोल्ड यांच्या अध्यक्षतेखाली नागरिकांची हरीण समिती नेमली गेली. समितीतली ही माणसं बर्फात यार्डांतून फिरली, मेलेली पाडसं पाहिली, हाडं फोडून पाहिली. साशंक म्हणून गेलेल्यांपैकी काही जण मत बदलून परतले. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात यशस्वी ठरलेली गोष्ट कुठली असेल तर ती हीच. पुढे काय बिघडलं याकडे जाताना ती लक्षात ठेवायला हवी.

लिओपोल्ड यांची जुनी चूक

या माणसाने हा प्रश्न अंगावर का घेतला हे कळल्याशिवाय प्रकरण अर्धं राहतं. 1909 मध्ये वनखात्यात नोकरीला लागलेला हा तरुण ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत लांडगे आणि डोंगरी सिंह संपवण्याच्या मोहिमेचा खंदा समर्थक होता. कमी लांडगे म्हणजे जास्त हरणं, आणि लांडगे उरलेच नाहीत तर शिकाऱ्यांचा स्वर्ग, असा त्यांचा तेव्हाचा हिशोब. मग ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेला कायबाबच्या पठारावर संरक्षण दिलेली हरणं बेसुमार वाढली आणि विसाच्या दशकात भुकेने मेली, हे देशाने पाहिलं. 1935 मध्ये लिओपोल्ड जर्मनीत गेले. तिथली जंगलं हरणांनी खाऊन पोकळ झालेली, आणि कृत्रिम खाद्यावर हरणं पोसण्याची तऱ्हा त्यांनी पाहिली. विस्कॉन्सिनची गत तीच होऊ नये ही त्यांची तळमळ तिथून आली.

1944 च्या एप्रिलमध्ये, म्हणजे गावोगावी त्यांच्या नावाने बोटं मोडली जात होती त्याच दिवसांत, त्यांनी तरुणपणी स्वतः मारलेल्या एका लांडगीबद्दल छोटा निबंध लिहिला आणि आपलं तेव्हा चुकलं हे स्वच्छ कबूल केलं. जाहीर जीवनातल्या माणसाने आपली जुनी भूमिका अशी उलटी करून लिहिणं फार दुर्मीळ. मला त्याबद्दल त्यांचा मनापासून आदर वाटतो. पण ही उलटी वाट चालायला लिओपोल्ड यांना तीस वर्षं आणि दोन खंडांचा प्रवास लागला होता. विस्कॉन्सिनच्या शिकाऱ्यांनी तीच वाट एका वर्षात चालावी, ही अपेक्षा त्यांनी ठेवली.

आयोगात

राजकीय पार्श्वभूमीही विचित्र होती. 1942 च्या निवडणुकीत प्रोग्रेसिव्ह पक्षाचे ऑर्लंड लूमिस गव्हर्नर म्हणून निवडून आले, पण शपथ घेण्याआधीच डिसेंबरमध्ये वारले. पद आलं रिपब्लिकन पक्षाचे लेफ्टनंट गव्हर्नर वॉल्टर गुडलंड यांच्याकडे. तेव्हा ते ऐंशीचे होते. 1943 मध्ये गुडलंड यांनी लिओपोल्ड यांना संवर्धन आयोगावर नेमलं. समितीचा अहवाल लिहिणारा माणूस त्यामुळे त्या अहवालावर मत देणाऱ्यांत जाऊन बसला. बेकायदा काही नव्हतं, वावगंही नव्हतं. पण विरोधकांना नाव घेऊन बोट दाखवायला एक चेहरा मिळाला.

विरोधक कोण होते? उत्तरेतले रिसॉर्टवाले, ज्यांच्याकडे शहरातली माणसं उन्हाळ्यात हरणं बघायला येत. शिकाऱ्यांवर चालणाऱ्या खानावळी आणि बार. 'फक्त नर'च्या शिकवणीत वाढलेले जुने शिकारी, ज्यांना मादीवर बंदूक रोखणं हे पाप वाटे. त्यांचा राग खोटा नव्हता. त्यांच्या हयातीत हरीण खरोखर नाहीसं झालं होतं आणि त्यांच्याच संयमाने परत आलं होतं. आता विद्यापीठातला प्राध्यापक येऊन सांगतो की ज्या गोष्टीने वाचलं तीच आता चूक आहे.

आयोगाने दुहेरी हंगाम मंजूर केला. युद्ध चालू होतं, मांसावर रेशन होतं, त्यामुळे शिकारीला माणसांची वाण पडली नाही. आणि मग जे व्हायचं तेच झालं. शिकारी रस्त्यापासून फार आत जात नाहीत. जिथे गाडी पोचते तिथे हरणं दाट मारली गेली, काही भागांत तर गरजेपेक्षा फार जास्त. जी खोल, दुर्गम यार्डं खरोखर उपाशी होती तिथे कुणी फिरकलं नाही. संपूर्ण राज्याला एकच नियम लावल्यामुळे ज्या भागात हरणं जास्त नव्हती तिथल्या लोकांनीही आपलं रान रिकामं झालेलं पाहिलं. आपण पाहिलं ते खोटं, असं त्यांना कोण सांगणार?

लगेच 'सेव्ह विस्कॉन्सिन्स डिअर' नावाची समिती उभी राहिली आणि तिने त्याच नावाचं पत्र काढलं. अंकामागून अंक लिओपोल्ड यांच्यावर तुटून पडू लागला. त्यांचे हरणांच्या संख्येचे अंदाज कसे हवेतले आहेत हे त्यात रंगवून सांगितलं जाई. अंदाज होतेच ते. रानातल्या हरणांची शिरगणती कुणालाच करता येत नाही. पण लढाई एकदा आकड्यावर गेली की यार्डातल्या हाडांबद्दल कुणी बोलत नाही.

1944 पासून आयोगाने मागे पाऊल घेतलं. पुन्हा फक्त नर. लिओपोल्ड दरवर्षी बिनशिंगी हंगामाची बाजू मांडत राहिले आणि दरवर्षी हरत राहिले. 21 एप्रिल 1948 रोजी शेजाऱ्याच्या शेतात लागलेली गवताची आग विझवताना हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. पुढच्याच वर्षी, 1949 मध्ये, बिनशिंगी हरणांचा हंगाम जाहीर झाला, 1950 आणि 1951 मध्ये कुठलंही हरीण मारायला मुभा मिळाली. 1949 आणि 1950 या दोन्ही वर्षी दीड लाखाहून जास्त हरणं पडली आणि तरी हरणं संपली नाहीत.

चूक नेमकी कुठे झाली

काही जण म्हणतात, लोक भावनिक होते आणि शास्त्र एकटं पडलं. मला हे अर्धवट वाटतं. यार्डात नेलेल्या साशंक माणसांची मतं बदलली होती. याचा अर्थ लोकांना कळत नव्हतं असा नाही, त्यांना दाखवलं गेलं नव्हतं असा होतो. मूठभर माणसांना यार्ड दाखवलं आणि उरलेल्या लाखोंना अहवाल आणि भाषणं दिली. उत्तरेतल्या प्रत्येक काउंटीतून दहा-दहा माणसं बर्फात नेली असती, दोन-तीन हिवाळे त्यातच घालवले असते, तर 1943 चा हंगाम उशिरा आला असता, पण '44 मध्ये गुंडाळावा लागला नसता. लिओपोल्ड यांना थांबायला वेळ नव्हता, कारण रोपं मरत होती. त्यांची घाई समजण्यासारखी आहे. पण त्या घाईची किंमत त्याच जंगलाने पाच वर्षं मोजली.

दुसरी चूक नियमाच्या घडणीत होती. सगळ्या राज्याला एक हंगाम, एकाच फटक्यात, आणि कुठे किती मारायची यावर कसलाच लगाम नाही. मादी मारणं योग्य की अयोग्य यावर कुणाचं मत काहीही असो, रस्त्याकडेला जास्त आणि यार्डात शून्य हा निकाल कुणालाच नको होता.

गाजावाजा न करता झालेली दुरुस्ती

या प्रकरणातला माझा सगळ्यात आवडता भाग हा, आणि त्याच्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं जातं. 1951 नंतर राज्य पुन्हा नरांवर आलं, पण खात्यातली माणसं गप्प बसली नाहीत. 1953 पासून मारलेलं प्रत्येक हरीण नोंदवणं सक्तीचं झालं. गावातला पेट्रोल पंप, दुकान, बार इथे नोंदणी केंद्रं आली. शिकारी हरीण घेऊन येई, खात्याचा माणूस दात पाहून वय लिही, आजूबाजूला चार लोक उभे राहून बघत. आकडा कुठून येतो हे गावाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. 'प्राध्यापकाचा अंदाज' ही टीका आपोआप बोथट झाली.

1957 मध्ये आणखी हुशारीची गोष्ट झाली. चार शिकाऱ्यांनी मिळून एक जादा परवाना घ्यायचा आणि त्यावर कुठलंही एक हरीण मारायचं, मादी असली तरी चालेल. चौघांत एक मादी. ज्याला मादी मारवत नव्हती त्याने मारू नये, पण त्याच्या खोपटातल्या कुणीतरी मारली, आणि रात्री सगळ्यांनी मिळून खाल्ली. पुढे साठच्या दशकात राज्याचे छोटे विभाग पाडून प्रत्येक विभागाला वेगळा कोटा ठरू लागला. 1943 च्या दोन्ही चुका अशा एकामागून एक सुटत गेल्या. कुणी पत्रकार परिषद घेतली नाही.

पुन्हा तोच खड्डा

नव्वदच्या दशकात दक्षिणेकडच्या शेतजमिनींत हरणं पुन्हा फार वाढली. 1996 मध्ये काही विभागांत 'अर्न-अ-बक' नियम आला : आधी एक बिनशिंगी हरीण मारून नोंदवा, मगच नर मारायला मिळेल. हरणं कमी करायला हा नियम जबरदस्त प्रभावी ठरला, आणि तितकाच नावडता. सकाळी समोरून मोठ्या शिंगांचा नर जातोय आणि हातात परवानगी नाही, हे दुःख शिकारी नातवंडांनाही सांगतो. चौघांतल्या एका मादीच्या जागी आता प्रत्येकाच्या डोक्यावर एक मादी आली होती.

त्यात 28 फेब्रुवारी 2002 रोजी जाहीर झालं की आदल्या शरदात माउंट होरेबजवळ मारलेल्या तीन नरांमध्ये 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' सापडला आहे. हा मेंदू पोखरणारा, हरणाला झिजवत मारणारा, इलाज नसलेला रोग मिसिसिपी नदीच्या पूर्वेला याआधी आढळला नव्हता. खात्याने चारशेहून जास्त चौरस मैलांचा पट्टा आखला आणि तिथलं शक्य तेवढं प्रत्येक हरीण मारायचं ठरवलं. मे महिन्यात विधिमंडळाने त्यासाठी खास कायदाही केला. शास्त्राच्या दृष्टीने यात तर्क होता : रोग नवा असताना मुळापासून उपटता आला तर आलाच. पण त्या पट्ट्यातली बहुतेक जमीन खाजगी आहे. जमीनमालक बंदूक घेऊन बाहेर पडल्याशिवाय हे होणं शक्यच नव्हतं, आणि त्यांना विचारण्याआधी घोषणा झाली होती. तपासणीसाठी मारलेली हरणं वाया जाताना लोकांनी पाहिली. जो माणूस मारलेलं खातो, त्याच्या दृष्टीने याहून मोठा अपमान नाही. काहींनी आपल्या रानात शिकारच बंद केली. दुसऱ्यांनी खात्याच्या माणसांना फाटकावरून परत पाठवलं.

1953 चं नोंदणी केंद्र, 1957 चा चौघांचा परवाना, हे सगळं खात्याच्या स्वतःच्या इतिहासात लिहिलेलं होतं. संकटाच्या घाईत ते कुणाला आठवलं नाही. घाईचं कारण 1943 सारखंच खरं होतं, हे मी मान्य करतो.

राजकीय पक्षांनी मात्र यातून धडा घेतला. एप्रिल 2003 मध्ये शिकार आणि मासेमारीचा हक्क राज्यघटनेत घालण्याच्या प्रस्तावाला 82 टक्के मतं पडली. पुढे 2008 आणि 2009 मध्ये शिकार घटली तेव्हा राग आणखी वाढला. 2010 च्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार स्कॉट वॉकर यांनी हरणांसाठी स्वतंत्र विश्वस्त नेमायचं वचन दिलं आणि निवडून आले. 2011 मध्ये 'अर्न-अ-बक'वर कायद्यानेच बंदी घातली गेली, आणि टेक्सासचे हरीणतज्ज्ञ जेम्स क्रोल विश्वस्त म्हणून आले. त्यांचा 2012 चा अहवाल मी एकांगी मानत नाही. खात्यावरचा लोकांचा विश्वास उडालाय आणि निर्णय खाली गेले पाहिजेत, हे त्यांचं निदान अचूक होतं. पण रोगाच्या बाबतीत फार हात न घालण्याचा त्यांचा सल्ला राज्याने आनंदाने उचलला, कारण तो मतदारांना न दुखावणारा होता. नमुने तपासणं कमी झालं. रोग पसरत राहिला. आज राज्याच्या 72 पैकी निम्म्याहून जास्त काउंटींत तो रानातल्या हरणांत सापडलाय, आणि नैऋत्येच्या काही भागांत तपासलेल्या प्रौढ नरांपैकी एक तृतीयांशाहून जास्त बाधित निघतात.

नोंदणी केंद्रंही गेली. 2015 पासून हरणाची नोंद फोनवरून किंवा संगणकावरून करता येते. सोय झाली यात शंका नाही, पण गावातल्या चार लोकांसमोर आकडा तयार होण्याची जागा नाहीशी झाली. वॉकर यांच्या काळातला हा बदल मला कायद्याने घातलेल्या बंदीपेक्षाही जास्त नुकसानीचा वाटतो.

काउंटीची समिती

क्रोल यांच्या अहवालातून एक चांगली गोष्ट मात्र टिकली. 2014 पासून प्रत्येक काउंटीत हरीण सल्लागार समिती आहे. अध्यक्षस्थानी कॉन्झर्व्हेशन काँग्रेसचा प्रतिनिधी, सोबत शेती, वनीकरण, पर्यटन, वाहतूक, शिकारी मंडळं यांची माणसं. वाहतूक का, तर रस्त्यावर हरीण आडवं येऊन होणाऱ्या अपघातांचं गणित तिथे फार मोठं आहे. मक्याचं पीक खाल्लं गेलेला शेतकरी आणि रान रिकामं झालं म्हणणारा शिकारी एकाच टेबलाला बसतात, कोट्याचा आकडा सुचवतात आणि तो बहुतेक वेळा मान्य होतो. सुरुवातीच्या काळात, कडक हिवाळ्यांनंतर, उत्तरेतल्या बऱ्याच काउंटींनी बिनशिंगी कोटा शून्य ठेवला. हरणं खरोखर घटली असताना तो निर्णय योग्य होता. मधल्या वर्षांत वाढली तेव्हा यातल्या काही समित्यांनी कोटा वाढवलाही. शेजाऱ्याने ठरवलेला आकडा राजधानीतल्या आकड्यापेक्षा लवकर गळी उतरतो.

या समित्यांची कसोटी अजून पुढे आहे. हिवाळा कडक असताना कोटा शून्य करणं सोपं, सगळ्यांनाच ते हवं असतं. दक्षिणेकडे, जिथे रोग आहे आणि हरणंही भरपूर आहेत, तिथे शेजाऱ्यापाजाऱ्यांना 'जास्त माद्या मारा' म्हणायला समितीतल्या माणसाला छाती लागते. 'अर्न-अ-बक'सारखं हत्यार आता कायद्याने त्यांच्या हातात नाही. त्यातच जुन्या संवर्धन आयोगाच्या जागी आलेल्या राज्याच्या नैसर्गिक संसाधन मंडळाची खुर्चीही पक्षाच्या ओढाताणीत सापडली : मे 2021 मध्ये मुदत संपलेले एक सदस्य, वॉकर यांनी नेमलेले, जागा सोडेनात. नव्या डेमोक्रॅट गव्हर्नरांनी नेमलेल्या व्यक्तीला रिपब्लिकन सिनेट मान्यता देईना. जून 2022 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी त्या सदस्याला राहू दिलं, आणि ते डिसेंबरमध्ये स्वतःहून गेले. 1927 मध्ये ज्या गोष्टीपासून आयोगाला वाचवायचं होतं, तीच वेगळ्या दाराने आत आली होती.

काउंटी समित्यांना या ओढाताणीचा फटका फार बसलेला नाही, आणि बसू नये असं मला वाटतं. त्यासाठी मी दोन गोष्टी सुचवेन. निदान हंगामाच्या पहिल्या शनिवार-रविवारी तरी प्रत्येक काउंटीत पूर्वीसारखं एखादं नोंदणी केंद्र परत सुरू करावं, जिथे हरीण सगळ्यांसमोर तपासलं जाईल आणि रोगाचा नमुनाही तिथेच घेतला जाईल. आणि समितीच्या सदस्यांना, उत्तरेत असोत की दक्षिणेत, समितीवर आल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात रानात न्यावं : उत्तरेत यार्डात, दक्षिणेत रोगाने झिजलेलं हरीण जिथे सापडलं त्या शेतात. खर्च फार नाही. 1943 च्या हिवाळ्यात लिओपोल्ड यांच्या समितीने हेच केलं होतं, आणि त्या सगळ्या प्रकरणात तेवढंच पूर्णपणे जमलं होतं.